मराठवाड्यापासून समुद्र किती दूर? टॉर्पेडोचा त्रिकोण आणि हिंदी महासागर, १९४२-४३

१/
नांदेडची गोदावरी आणि लातूरची मांजरा, दोघींचे पाणी अखेरीस बंगालच्या उपसागराला मिळते. मराठवाड्याचा समुद्राशी असलेला नैसर्गिक संबंध एवढाच. तरीही दुसऱ्या महायुद्धात या भूमीच्या सत्ताधीशाचे नाव मिरवणारी एक युद्धनौका हिंदी महासागरात फिरत होती, आणि त्याच राज्याच्या राजधानीत जन्मलेला एक तरुण जर्मन पाणबुडीतून त्याच महासागरात उतरला होता. या दोन्ही गोष्टी समजून घ्यायच्या तर आधी एक त्रिकोण समजून घ्यावा लागतो. तो त्रिकोण आज अनेक तरुण मुले रात्री संगणकासमोर बसून सोडवत असतात. त्या त्रिकोणाचा आणि त्यात सापडलेल्या माणसांचा हा धागा.

२/
पाणबुडीयुद्धाचे संगणकीय खेळ गेली कित्येक दशके निघत आहेत. १९९४ चा 'एसेस ऑफ द डीप', २००५ चा 'सायलेंट हंटर ३', अलीकडचा 'यूबोट' ही त्यांतील ठळक नावे. नवशिक्याला या खेळांत फारसे कष्ट नसतात. पेरिस्कोप जहाजावर रोखावा, कळ दाबावी, बाकीचे गणित यंत्र करते. पण खेळाच्या रचनेत एक पर्याय असतो, नेम स्वतः धरण्याचा. तो निवडला की यंत्र मौन धारण करते. समोर राहते ती फक्त काच, तिच्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा आणि क्षितिजावरचे एक काळे जहाज.

३/
लातूर पॅटर्नच्या वर्गात दिवसभर त्रिकोणमिती घोकणाऱ्या मुलाला हा खेळ आवडला तर नवल नाही. जे 'साइन' परीक्षेत दोन गुणांचे असते, ते इथे जहाज बुडणार की आपण बुडणार हे ठरवते.

४/
अडचण मुळात अशी. टॉर्पेडो ही बंदुकीची गोळी नव्हे. जर्मनांचा विजेवर चालणारा टॉर्पेडो सुमारे ३० नॉट वेगाने जाई, म्हणजे सेकंदाला साधारण १५ मीटर. दीड किलोमीटरवरच्या जहाजापर्यंत पोहोचायला त्याला ९७ सेकंद लागत. तेवढ्या वेळात १० नॉट वेगाचे मालवाहू जहाज पाचशे मीटर पुढे निघून गेलेले असे. जहाज आत्ता जिथे दिसते तिथे टॉर्पेडो सोडणे म्हणजे रिकाम्या पाण्यात सोडणे. ते जिथे असेल तिथे नेम धरायचा. शिवाय सुटलेला टॉर्पेडो सरळ रेषेत जातो, मागे बोलावता येत नाही. त्या काळातले बहुतांश टॉर्पेडो लक्ष्याचा माग काढत नसत. युद्धाच्या उत्तरार्धात आवाजाचा वेध घेणारे आले.

५/
म्हणून तीन गोष्टी जाणाव्या लागत : जहाजाचे अंतर, त्याचा वेग, आणि ते आपल्याला किती तिरपे दिसते आहे. तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. जहाजाची पूर्ण कूस समोर असेल तर तो कोन ९० अंशांचा. ते थेट आपल्याच रोखाने येत असेल तर शून्य. मधले सारे अंश नुसत्या नजरेने ओळखायचे. डोलकाठ्यांमधले अंतर आवळलेले दिसते का, धुरांडे कोणत्या बाजूला सरकलेले दिसते, पुढच्या भागापाशी फेस किती उठतो, एवढ्याच खुणा. कसलेले कप्तानही यात वीस-वीस अंशांनी चुकत.

६/
अंतर डोलकाठीवरून काढतात. जहाज ओळखले की पुस्तकात त्याच्या डोलकाठीची उंची सापडते. ती ३० मीटर असेल आणि पेरिस्कोपमध्ये ती पाण्यापासून टोकापर्यंत एक अंश व्यापत असेल, तर अंतर सुमारे १,७२० मीटर. पण जहाज ओळखण्यात चूक झाली आणि खरी डोलकाठी २५ मीटरचीच असली, तर खरे अंतर १,४३० मीटर. एका चुकीच्या नावाची किंमत सुमारे २९० मीटर.

७/
वेग काढण्याची सर्वांत साधी रीत अशी की पाणबुडी जवळजवळ थांबवायची, पेरिस्कोप स्थिर धरायचा, आणि जहाजाचा पुढचा भाग उभ्या रेषेला लागल्यापासून मागचा भाग रेषेपार होईपर्यंत सेकंद मोजायचे. १२० मीटर लांबीचे जहाज २४ सेकंदांत पार झाले तर वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे जवळपास पावणेदहा नॉट. खेळाडूंना दुसरी एक युक्ती तोंडपाठ असते : नकाशावर ३ मिनिटे १५ सेकंदांच्या अंतराने दोन खुणा करायच्या. त्या वेळात जहाज जितके शेकडा मीटर चालले, तितके नॉट त्याचा वेग. नऊशे मीटर तर नऊ नॉट. यात जादू काही नाही. एका नॉटने १९५ सेकंदांत जवळजवळ शंभर मीटर कापले जातात, इतकेच.

८/
आता त्रिकोण. एक बाजू जहाजाच्या वाटचालीची, दुसरी टॉर्पेडोच्या वाटचालीची, तिसरी पेरिस्कोपमधून या क्षणी दिसणाऱ्या दृष्टिरेषेची. नेम किती अंश पुढे धरायचा? त्या कोनाचा साइन म्हणजे जहाजाचा वेग भागिले टॉर्पेडोचा वेग, गुणिले तिरपेपणाच्या कोनाचा साइन. जहाज १० नॉटचे, टॉर्पेडो ३० नॉटचा आणि पूर्ण कूस समोर, तर उत्तर साडेएकोणीस अंश. चौकस वाचकाच्या ध्यानात आले असेल की या सूत्रात अंतर कुठेच नाही. टॉर्पेडो नळीतून सरळ जाणार असेल तर अंतर किलोमीटरभर असो वा दोन, कोन तोच राहतो. मात्र अंतर वाढले की वेगातली लहानशी चूकही मोठी होते. ९७ सेकंदांच्या प्रवासात वेगाचा अंदाज एका नॉटने चुकला तर टॉर्पेडो पन्नास मीटर बाजूला लागतो. दोन नॉटने चुकला तर १२० मीटरचे जहाज साफ वाचते.

९/
इथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. 'साइन' हा शब्द मूळचा आपल्याकडचा. आर्यभटाच्या गणितातील 'अर्धज्या' किंवा 'जीवा' अरबीत गेली, तिथे लिहिण्या-वाचण्याच्या घोटाळ्यात तिचे 'जैब' झाले, आणि जैब म्हणजे वस्त्राचा खोळगा असा अर्थ घेऊन लॅटिनमध्ये 'सायनस' आला. मूळ 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. मराठीत टॉर्पेडोला पाणतीर म्हणतात. तेव्हा पाणतीर सोडण्याच्या सूत्रात धनुष्याची दोरी आधीपासूनच ताणलेली होती!

१०/
जहाजांचा बचावही याच त्रिकोणावर घाव घालण्याचा. वेग जास्त ठेवला की कोन वाढतो आणि चूकही वाढते. नागमोडी चालत राहिले की मोजलेला कोन काही मिनिटांतच शिळा होतो. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, नॉर्मन विल्किन्सन या इंग्रज चित्रकाराने जहाजांवर काळ्या-पांढऱ्या, निळ्या तिरप्या पट्ट्यांचे विचित्र रंगकाम सुचवले. ते जहाज लपवण्यासाठी नव्हते. काळे-पांढरे पट्टे समुद्रात कसे लपणार? हेतू एवढाच, की पाहणाऱ्याला जहाजाचे तोंड कोणीकडे आहे ते नीट कळू नये. पाचव्या भागातील तिसरी संख्या बिघडवायची, बस्स.

११/
आणि सर्वांत मोठा बचाव म्हणजे सोबतीची युद्धनौका. ती असली की पेरिस्कोप वर ठेवून सेकंद मोजत बसण्याची चैन उरत नाही. मराठवाडा या कथेत येतो तो इथे. नांदेड हा तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव, त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडायचे होते. संस्थानचा अधिपती मीर उस्मान अली खान जगातील अतिश्रीमंतांपैकी एक मानला जाई. युद्ध सुरू झाल्यावर त्याने ब्रिटिश नौदलाला एका विनाशिकेसाठी पैसा दिला. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील जॉन ब्राउनच्या गोदीत ती बांधली गेली. जुलै १९४० मध्ये तिचे जलावतरण झाले, आणि तिचे नाव ठेवले 'निझाम'.

१२/
'निझाम'वर खलाशी होते ऑस्ट्रेलियन. मालकी ब्रिटिश नौदलाची, नाव हैदराबादच्या गादीचे. भूमध्य समुद्रात क्रीट बेटावरून माघार घेणारे सैन्य तिने वाहून आणले, वेढ्यातल्या तोब्रुकला रसद पोहोचवली, आणि १९४२ च्या आरंभी ती हिंदी महासागरातल्या ब्रिटिश ताफ्यात दाखल झाली. निझामाची संपत्ती शेवटी जमिनीच्या साऱ्यावर उभी होती. कंधारच्या, उदगीरच्या, निलंग्याच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातील काही अंश अशा रीतीने पोलादी पत्रा होऊन समुद्रावर तरंगत होता. त्या शेतकऱ्याला कुणी विचारले नव्हते, हे सांगायला नको. ज्या राज्यात स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये बंदी घातली गेली आणि स्वामी रामानंद तीर्थांना तुरुंगात जावे लागले, तिथे रयतेला विचारण्याची पद्धतच नव्हती.

१३/
महासागर मोठा आणि विनाशिका मोजक्या. २० नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' नावाचे प्रवासी जहाज मुंबईहून मोंबासा, मापुतो (तेव्हाचे लॉरेन्सो मार्केस) आणि डर्बनकडे निघाले, तेव्हा तिच्या सोबतीला कोणीही नव्हते. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचे हे दहा हजार टनांचे जहाज १९२४ मध्ये बांधलेले होते. जहाजावर ९५८ माणसे होती : ७३२ प्रवासी, २२२ खलाशी आणि ४ तोफची. प्रवासी बहुतांश भारतीय. आफ्रिकेत दुकान, नोकरी, घरदार असलेली कुटुंबे. तळाच्या खणांत ६० टन चांदीही होती, २,३६४ विटा, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी विकत घेतलेली.

१४/
२३ नोव्हेंबरला, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला भर समुद्रात, अंधारात पहिला टॉर्पेडो लागला. सोडणारी पाणबुडी जपानी होती, क्रमांक 'आय-२९', कप्तान जुइची इझू. हा पहिला नेम वरच्या सगळ्या गणिताचा नेम होता. जहाज चालत होते. त्याचा वेग, त्याचा रोख, त्याचे अंतर कुणीतरी काचेतून अजमावले होते आणि अंदाज बरोबर आला होता. जहाजावर एकच गोंधळ उडाला. लोक होड्यांकडे धावले.

१५/
पण 'तिलावा' लगेच बुडाले नाही. थांबलेले, कललेले जहाज तरंगत राहिले. ते वाचेल अशी आशा वाटून काही लोक होड्यांतून परत त्याच्याकडे येऊ लागले. मग दुसरा टॉर्पेडो आला.

१६/
आठव्या भागातले सूत्र इथे पुन्हा मांडून पाहावे. जहाज थांबलेले, म्हणजे वेग शून्य. शून्याला कशानेही भागा, कशानेही गुणा, उत्तर शून्यच. नेम पुढे धरायचा नाही, सेकंद मोजायचे नाहीत, तिरपेपणा पाहायचा नाही. पेरिस्कोपची उभी रेषा जहाजाच्या मध्यावर ठेवायची आणि सोडायचे. खेळ खेळणारी मुले अशा जहाजाला 'सोपे लक्ष्य' म्हणतात, आणि गणिताच्या दृष्टीने ते खोटे नाही. त्या दिवशी २८० माणसे मेली. उरलेली ६७८ होड्यांत आणि तराफ्यांवर दोन दिवस राहिली. २५ नोव्हेंबरला 'बर्मिंगहॅम' या ब्रिटिश क्रूझरने त्यांतल्या बहुतेक सर्वांना उचलले आणि मुंबईला परत आणले.

१७/
'तिलावा' बुडाल्यानंतर अडीच महिन्यांनी, ९ फेब्रुवारी १९४३ रोजी, जर्मनीतल्या कील बंदरातून 'यू-१८०' ही पाणबुडी निघाली. तिच्यात दोन भारतीय होते. एक सुभाषचंद्र बोस. दुसरे आबिद हसन. हसन यांचा जन्म १९११ चा, हैदराबाद शहरातला. म्हणजे नांदेड-लातूरकरांप्रमाणेच तेही निझामाचे प्रजाजन. अभियांत्रिकी शिकायला जर्मनीत गेले आणि तिथे नेताजींना येऊन मिळाले. 'जय हिंद' हे अभिवादन त्यांनीच सुचवले असे मानले जाते. तेव्हा अशी परिस्थिती आली, की निझामाच्या पैशाची विनाशिका पाणबुड्यांपासून समुद्र राखत होती आणि निझामाचा एक प्रजाजन पाणबुडीत बसून तोच समुद्र ओलांडत होता.

१८/
'यू-१८०' ही सुखाची जागा नव्हती. तिची वेगवान डिझेल इंजिने तापत, धूर सोडत; अन्नाला, अंथरुणाला, सगळ्याला डिझेलचा वास. नेताजींना ते जर्मन अन्न जाईना. तेव्हा हसन यांनी कोठारात शोधाशोध करून तांदूळ आणि डाळ बाहेर काढली. या प्रवासातील एका प्रसंगाची आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. शत्रूच्या जहाजावर हल्ला करण्याच्या धांदलीत कुणाच्या तरी चुकीने पाणबुडी खाली जाण्याऐवजी पृष्ठभागावर आली आणि ते जहाज तिच्या अंगावर चालून आले. घाईघाईने बुडी मारून ती जेमतेम निसटली. त्या क्षणी नेताजी हसन यांना मजकूर सांगत होते, आणि हसन यांचे लिहिणे थांबले तरी नेताजींचे सांगणे थांबले नव्हते!

१९/
हा प्रसंग नेताजींच्या धैर्याचा दाखला म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण आणखी एक गोष्ट त्यातून दिसते. पाणबुडीत पन्नास-साठ माणसे असतात, बाहेरचे जग दिसते फक्त एकाला. बाकीच्यांपर्यंत पोहोचतात त्या संख्या : अंतर इतके, कोन इतका, वेग इतका. जहाज मोठे की लहान, त्यावर कोण आहे, हे आत बसलेल्याला कळतच नाही. संगणकाच्या खेळात मात्र प्रत्येक जण कप्तान असतो. त्यामुळे युद्धाचे हे अंग खेळात हरवते : लोखंडी नळकांड्यात बसून दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून राहणे.

२०/
१८ एप्रिल १९४३ रोजी आफ्रिकेच्या दक्षिणेला कप्तान वेर्नर मुझेनबेर्ग याने 'कॉर्बिस' या ब्रिटिश तेलवाहू जहाजावर टॉर्पेडो सोडले. आठ हजार टनांवरचे जहाज, पोटात तेल. समुद्राने पेट घेतला. त्यावरची बहुतेक माणसे वाचली नाहीत. या वेळी हसन यांना बाहेरचे दृश्य पाहायला मिळाले. जळत्या जहाजावर मागे राहिलेल्या माणसांत आपल्याकडच्यासारखी सावळी माणसे दिसली आणि होडी मिळाली ती गोऱ्यांना, असे त्यांनी नंतर सांगितले. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या काळी कोळसा ओढणारे, इंजिनाला तेल घालणारे, स्वयंपाक रांधणारे हजारो खलाशी आशियाई असत. त्यांना 'लास्कर' म्हणत. ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढायला निघालेल्या हसन यांना ब्रिटिश झेंड्याखाली आपलीच माणसे जळताना दिसली. डोलकाठीच्या उंचीच्या पुस्तकात या माणसांसाठी रकाना नसतो.

२१/
आठवड्याभरानंतर, मादागास्करच्या आग्नेयेला, ठरलेल्या जागी 'यू-१८०'ला एक जपानी पाणबुडी भेटली. समुद्र खवळलेला होता. दोन दिवस वाट पाहून २८ एप्रिलला नेताजी आणि हसन रबरी तराफ्यातून, भिजत, पलीकडच्या पाणबुडीवर चढले. जपान्यांनी बदल्यात दोन टन सोने आणि आपले दोन नौदल अधिकारी जर्मनांकडे दिले. जगाच्या युद्ध-इतिहासात एका शत्रुप्रदेशातील नेत्याचे पाणबुडीतून पाणबुडीत असे हस्तांतर दुसरे क्वचितच सापडेल.

२२/
ती जपानी पाणबुडी होती 'आय-२९'. कप्तान जुइची इझू.

२३/
मे महिन्याच्या आरंभी तिने दोघांना सुमात्राजवळच्या साबांग बंदरात उतरवले. तिच्या खलाशांसोबत नेताजींचे छायाचित्र आहे. इतिहासप्रेमी मंडळी ते दरवर्षी २३ जानेवारीला अभिमानाने पाठवतात. त्या छायाचित्राखाली 'तिलावा'चे नाव जवळजवळ कधीच नसते. त्यातील खलाशांनी पाच महिन्यांपूर्वी मुंबईहून निघालेल्या जहाजावर दोनदा टॉर्पेडो सोडले होते. याने नेताजींच्या साहसाला काही उणे येत नाही. युद्धात मिळेल त्या वाहनाने जावे लागते, आणि ते वाहन आदल्या वर्षी कुठे गेले होते हे प्रवाशाने ठरवलेले नसते. पण छायाचित्र पाठवणाऱ्याने त्या पाणबुडीची अर्धीच कथा सांगणे बरे नव्हे. इंग्रज लेखकांवर एकांगीपणाचा आरोप करताना आपल्याकडच्या लेखनालाही तोच निकष लावावा लागतो.

२४/
'आय-२९' पुढे फ्रान्समधल्या लोरियांपर्यंत जाऊन आली. तेव्हा तिचा कप्तान बदलला होता. नवा कप्तान ताकाकाझू किनाशी हा हाताने नेम धरण्याच्या इतिहासातला बहुधा सर्वांत गाजलेला माणूस. १५ सप्टेंबर १९४२ रोजी, 'आय-१९' या दुसऱ्या पाणबुडीवर असताना, त्याने सॉलोमन बेटांजवळ 'वास्प' या अमेरिकी विमानवाहू नौकेवर सहा टॉर्पेडो सोडले. काही 'वास्प'ला लागले आणि ती गेली. उरलेले कित्येक किलोमीटर पुढे जाऊन 'नॉर्थ कॅरोलायना' ही युद्धनौका आणि 'ओ'ब्रायन' ही विनाशिका यांना भिडले. या दोघींवर त्याने नेम धरलाच नव्हता. टॉर्पेडोला हे ठाऊक नसते; तो सरळ जात राहतो, वाटेत जे येईल ते त्याचे.

२५/
१९४४ च्या जुलैत 'आय-२९' जर्मन जेट आणि रॉकेट इंजिनांचे तंत्र घेऊन सिंगापूरहून जपानकडे निघाली. अमेरिकनांनी जपानी सांकेतिक संदेश उलगडले होते. ती कधी, कुठून जाणार हे त्यांना आधीच कळले होते. २६ जुलैला लुझोन सामुद्रधुनीत, पृष्ठभागावरून जाणाऱ्या 'आय-२९'वर 'सॉफिश' या अमेरिकी पाणबुडीने चार टॉर्पेडो सोडले. तीन लागले. किनाशीसारखा नेमबाज स्वतः कुणाच्या तरी पेरिस्कोपमधल्या उभ्या रेषेवर सापडला. त्याचा वेग, त्याचा रोख, त्याचे अंतर, तीनही संख्या या वेळी दुसऱ्याने बरोबर काढल्या होत्या.

२६/
आबिद हसन इंफाळच्या आघाडीवर लढले, पकडले गेले, सुटले. स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेत राजदूत झाले आणि १९८४ मध्ये वारले. 'निझाम' विनाशिकेने युद्ध पार पाडले, पण फेब्रुवारी १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाजवळ एका प्रचंड लाटेने तिच्यावरचे दहा खलाशी वाहून नेले. तिच्या नावाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपले. ज्यांना त्या राज्याने तुरुंगात टाकले होते त्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आज नांदेडच्या विद्यापीठाला आहे.

२७/
'तिलावा'मधली चांदी २०१७ मध्ये अडीच किलोमीटर खोल समुद्रतळातून वर काढण्यात आली. ती काढणारी कंपनी आणि दक्षिण आफ्रिकेचे सरकार यांच्यातील खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. २,३६४ विटांचा हिशेब ८२ वर्षांनी पुरा झाला. जहाजाचा सांगाडा आणि त्यासोबत गेलेली माणसे अजून तिथेच आहेत.